विषय: फ्युरान रिपोर्टवर एकक नाही, आणि त्यावर फोनवर मिळालेलं उत्तर

महोदय,

ट्रान्सफॉर्मर 33/11 केव्ही, 10 एमव्हीए, 1998 चा, भांडुप. तुमच्या प्रयोगशाळेच्या तेल-तपासणी रिपोर्टवर 2-फरफ्युरल (वाइंडिंगवरचा कागद झिजला की तेलात उतरणारं, फ्युरान गटातलं रसायन) '1.9' छापलंय. पीपीएम (दहा लाखांत एक भाग) की पीपीबी (अब्जात एक भाग), कुठेच नाही. 1.9 पीपीएम असेल तर साध्या क्राफ्ट कागदासाठीच्या चेनडाँग सूत्राने डीपी (कागदातल्या सेल्युलोज साखळ्यांची सरासरी लांबी) 350 च्या आसपास येतो. 200 ला कागद संपला असं धरतात. पीपीबी असेल तर कागद नवाकोरा. शटडाउन मागायचा की नाही, ते या एका शब्दावर ठरणार आहे.

आज फोनवर हेच विचारलं. उत्तर मिळालं, "बीडीव्ही 68 आलाय ना साहेब, मग कशाला टेन्शन घेता?" बीडीव्हीत, म्हणजे तेल किती केव्ही सहन करतं त्या चाचणीत, तेलातलं पाणी आणि कचरा कळतो, कागदाचं वय कळत नाही, असं सांगितल्यावर पुढचं वाक्य: "मग तेल फिल्टर करून परत सॅम्पल पाठवा, आकडा खाली येईल." हे प्रयोगशाळेचा माणूस सांगतो! फुलर्स अर्थ या शोषक मातीतून तेल फिरवलं की फ्युरान निघून जातो, डिगॅसिंगमध्ये (तेलातले वायू काढताना) कागद झिजल्याच्या दुसऱ्या खुणा, कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडही जातात. कागदाच्या तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत. उलट आधीच्या आकड्यांशी तुलना करायची सोयच संपते. तेल बदलता येतं, वाइंडिंगवरचा कागद नाही. बाहेर फॉल्ट झाला, वाइंडिंग हललं, की ठिसूळ कागद फाटतो. त्या दिवशी खाली आलेला आकडा आमच्या काय कामाचा?

सॅम्पलिंगही तसंच. व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल आधी सोडलं नाही. डीजीएसाठी (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) काचेची सिरिंज हवी, तुमच्या माणसाने भर पावसात उघडी प्लास्टिकची बाटली भरली. तेलाचं तापमान नोंदवलं नाही. तापमान वाढलं की कागदातलं पाणी तेलात येतं, मग तापमानाशिवाय ओलाव्याचा पीपीएम कशाशी ताडून बघायचा?

एकक लिहिलेला, सहीचा सुधारित रिपोर्ट आठ दिवसांत द्या. राखून ठेवलेल्या नमुन्यावर फ्युरान पुन्हा तपासा. डीजीए आणि ओलाव्यासाठी शिकलेला माणूस सिरिंज घेऊन पाठवा, खर्च तुमचा. नाहीतर वार्षिक करार रद्द करू आणि हा रिपोर्ट जोडून प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलकडे तक्रार करू. तुमच्या आकड्यांवर इतकी वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला, म्हणून जास्त वाईट वाटतंय. पुन्हा सांगतो: 1.9 च्या पुढे एकक लिहा.

विद्युत देखभाल विभाग