बाई, तुम्ही शब्द सांगितला नाहीत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

देशातल्या शाळांवरच्या आमच्या माहितीपटात 11 सेकंद कुणीच बोलत नाही. ती शांतता तुम्ही दिलेली आहे. तिसरीतला एक मुलगा दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचताना 'रस्त्यावर'पाशी अडला आणि तुम्ही त्याला शब्द सांगितला नाहीत. हात पाठीमागे बांधून नुसत्या उभ्या राहिलात. त्यासाठी हे पत्र.

आधीच्या शाळांत काय मिळालं? नव्यानं रंगवलेल्या बोलक्या भिंती, निवडून पुढे बसवलेली मुलं आणि पाठ केलेला धडा. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं: बोट एका ओळीवर असतं, तोंड दुसऱ्या ओळीवर. मूल खरंच अडलं की मागून कुजबुज यायची, "एरवी वाचतो हो, आज बुजलाय." मग मूल पान सोडून बाईंच्या तोंडाकडे बघतं, आणि वाचन तिथंच संपतं.

हा मुलगा अक्षरं ओळखत होता. र, स, त सुटे सुटे येत होते. 'स्त्या' एका दमात म्हणणं जमत नव्हतं. असं जुळवत वाचणाऱ्याच्या हातून वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटते. 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत 2024मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची 23.4 टक्केच मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. 2022मध्ये तर 16.3. बाकीची मुलं नेमकी कुठं अडतात, ते तुमच्या वर्गात ऐकू आलं.

तेही तुमच्यामुळेच. पंख्याची घरघर नंतर गाळायला गेलं की मुलाचा बारीक आवाजही पातळ होतो, म्हणून भर एप्रिलात तुम्ही पंखा बंद केलात. आवाज घुमू नये म्हणून सतरंज्या खिडक्यांवर टांगल्यात. मुलाचा चेहरा नको, कॅमेरा त्याच्या मागून लावा, हेही तुम्हीच बजावलंत. फळ्यावरचे पट आणि हजर हे आकडे होते तसे राहू दिलेत.

बोल आपल्यावरच येईल हे ठाऊक असताना वर्गातलं उणं परक्यांसमोर उघडं ठेवणं सोपं नसतं, बाई. अशी सचोटी फार थोड्यांकडे असते आणि ती बहुधा बिनबोभाट असते.

संकलनात ते 11 सेकंद कापायचा सल्ला मिळाला होता. कापले नाहीत. बाराव्या सेकंदाला मुलगा आपला आपण "रस्त्यावर" म्हणतो, आणि मागून तुमचा एवढाच आवाज येतो, "हं, पुढे."