सबवूफर: आधी पेटी, मग वॉट

संपादक महोदय,

गाडीत सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'किती वॉटचा?' वाहनांच्या पुरवण्यांतही तोच आकडा ठळक दिसतो. त्यातल्या 'पीक', म्हणजे क्षणभराच्या कमाल, वॉटवरून काहीच कळत नाही. पाहायचा तो 'आरएमएस', म्हणजे सलग शक्तीचा, आकडा. पण बास घुमतो का, वूफर जळतो का, वायर तापते का, याची उत्तरं बहुतेक वेळा पेटी, केबल आणि अर्थिंगमध्ये सापडतात, आणि काटकसर नेमकी तिथंच केली जाते. म्हणून हे पत्र.

सबवूफरच्या कागदावर पेटीचं घनफळ दिलेलं असतं. ते आतलं, निव्वळ घनफळ. समजा १२ इंची वूफरला ३० लिटरची बंद पेटी हवी आहे आणि वूफर स्वतः अडीच लिटर जागा खातो. मग आतली मापं ४० × ३३ × २५ सेंमी धरली की ३३ लिटर होतात आणि हिशेब जमतो. १८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) वापरला तर दोन्हीकडच्या फळ्या मिळून प्रत्येक माप ३.६ सेंमीने वाढून बाहेरचं माप ४३.६ × ३६.६ × २८.६ येतं. तीच ४० × ३३ × २५ ही मापं बाहेरून धरून फळ्या कापल्या, तर आत जेमतेम २३ लिटर उरतात आणि वूफरची जागा वजा जाता वीस. एक तृतीयांश हवा गेली! अशा पेटीत खालचे सूर दबतात आणि वरचा एकच सूर घुमत राहतो. मग लोक बास बूस्ट (खालचे सूर वाढवणारं बटण) वाढवतात आणि वूफरची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) जाळून घेतात.

सांध्यांना लाकडाचा पांढरा गोंद भरपूर लावावा आणि दर १०-१२ सेंमीवर स्क्रू घ्यावा. आधी बारीक भोक पाडलं नाही, तर एमडीएफची कड हमखास फुटते. आतले कोपरे सिलिकॉनने बंद करावेत, पण ते पुरतं सुकायला एक दिवस द्यावा. आंबट वासाच्या सिलिकॉनची वाफ वूफरच्या चिकटवणीला आणि धातूच्या भागांना बाधते.

पोर्टची, म्हणजे हवेसाठी उघडी नळी बसवलेली, पेटी करायची तर अंदाजाने नळी कापू नये. ५० लिटरची पेटी ३५ हर्ट्झला ट्यून करायची असेल, म्हणजे नळीतल्या हवेने त्या सुराला जोर द्यायला हवा असेल, आणि नळी १० सेंमी व्यासाची असेल, तर लांबी सुमारे ३१ सेंमी लागते. ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो. त्यामुळे अशा पेटीला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) हवाच. या उदाहरणात ३० हर्ट्झच्या आसपास.

आता वायरिंग. ५०० वॉट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर, कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर ओढतो. त्याला ४ गेजची, म्हणजे साधारण २१ चौरस मिमीची, शुद्ध तांब्याची केबल आणि ६० अँपिअरचा फ्यूज योग्य. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली केबल त्याच गेजला कमी करंट वाहते. ती घ्यायचीच तर जाड घ्यावी.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत बसवावा. यात तडजोड नको. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा फ्यूज आहे, मग दुसरा कशाला, असं पुष्कळदा ऐकू येतं. पण केबलचं आवरण फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यावर घासून फाटलं, तर शॉर्ट होतो तो अ‍ॅम्प्लिफायरच्या कितीतरी आधी. तिथं बॅटरी शेकडो अँपिअर देते, केबल लाल होते आणि गाडी पेटते. पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेटही (कडंही) हवाच.

अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवावी. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने आवळावा, मग वरून रंगाचा हात द्यावा, म्हणजे गंज धरणार नाही. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ जोडू नये. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर सर्वांत आधी हा सांधा तपासावा.

अ‍ॅम्प्लिफायरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, तो स्टीरिओच्या सिग्नलशी जुळवून घेण्यासाठी असतो. तो मल्टिमीटरने लावता येतो. वूफर सोडवून ठेवा, बास बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, स्टीरिओ तीन चतुर्थांशावर आणि ५० हर्ट्झचा टेस्ट टोन. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे हवे ते व्होल्ट: ५०० वॉट आणि २ ओहमला ३१.६. एसी व्होल्ट तिथवर आले की थांबावं. लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झपासून सुरू करून कानाने जुळवावा. दोन ४ ओहमच्या कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात, सिरीजमध्ये ८. अ‍ॅम्प्लिफायर किती कमी ओहमपर्यंत चालतो ते पाहूनच जोडणी ठरवावी.

फिनिशिंगमध्ये कार्पेट सर्वांत सोपं. चिकटवणी दोन्ही पृष्ठभागांवर लावून बोटाला ओली लागेनाशी झाल्यावरच चिकटवावं, जोड मागे घ्यावा. रंग द्यायचा असेल तर एमडीएफच्या कापलेल्या कडा आधी सील कराव्यात. त्या रंग पितात आणि पुढे फुगतात. फायबर ग्लासच्या पेटीत पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर १ ते २ टक्केच. जास्त घातला की रेझिन तापून तडकतं. हे काम मोकळ्या हवेत, मास्क आणि हातमोजे घालूनच करावं.

पूर्ण पेटी सहज २० किलो भरते. ती डिक्कीत नुसती ठेवलेली असली, तर टक्कर होताच मागच्या सीटवर आदळते. एल-पट्ट्या आणि बोल्टने ती पत्र्याला जखडावी. मात्र ड्रिल लावण्याआधी गाडीखाली वाकून पाहावं: इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या बहुधा तिथंच असतात.

आपला,
कार ऑडिओचं काम करणारा एक वाचक