प्रकल्प अहवालाची एक प्रत कारखान्यालाही मिळावी

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

व्यवस्थापनाच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना जो प्रकल्प करावा लागतो, त्याविषयी प्राध्यापक आणि पालक अधूनमधून लिहीत असतात; परंतु ज्या कारखान्यांच्या आणि दुकानांच्या नावावर हे प्रकल्प लिहिले जातात, त्यांच्या बाजूने कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत गेली बावीस वर्षे एक लहान फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आणि तिला जोडून मशीन शॉप चालवतो. दर वर्षी जानेवारी उजाडला की बीबीए-एमबीएची मुले कॉलेजचे पत्र घेऊन आमच्या फाटकाशी येतात. त्यांतल्या बहुतेकांना कारखाना पाहायचा नसतो. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, ‘सदर विद्यार्थ्याने आमच्याकडे दोन महिने काम केले’ एवढे लिहून हवे असते. ओळखीतून आलेल्यांना नाही म्हणवत नाही, आणि असे दाखले मीही दिलेले आहेत, हे आधीच कबूल करतो.

त्या दाखल्यांचे पुढे काय होते, हे मला तीन वर्षांपूर्वी योगायोगानेच कळले. जीएसटीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला गेलो असताना त्याच दुकानात बांधणीसाठी आलेल्या काळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांच्या ढिगात एकीवर सोनेरी अक्षरांत आमच्याच कारखान्याचे नाव दिसले. मुंबईकडे अशा वहीला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, असे नंतर समजले. आत आमच्या कामगारांच्या समाधानाचा अभ्यास होता, १०० कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतल्याची नोंद होती आणि त्यावरून काढलेली रंगीत वर्तुळे होती. आमच्याकडे तेव्हा सगळे मिळून ३४ माणसे कामाला होती. उरलेली ६६ माणसे कोण, हे मला अजून कळलेले नाही. पण त्यांतली बहुसंख्य कॅन्टीनबाबत समाधानी होती, आणि आमच्याकडे कॅन्टीनच नाही.

हे सांगितले ते मुलांची थट्टा करण्यासाठी नव्हे, कारण याच काळात एका मुलीने आमच्याकडे जे काम केले, त्याचा फायदा मी आजही घेतो आहे. एमबीएच्या अंतिम प्रकल्पासाठी ती आली, तेव्हा मी सवयीप्रमाणे लेटरहेड काढायला सांगितले. तिने मात्र ‘मला तुमची येणी बघायची आहेत’ असे म्हटले. पुढचे सात आठवडे ती आमच्या अकाउंट्सच्या माणसाशेजारी बसून एका मोठ्या ग्राहकाच्या वर्षभराच्या बिलांचा तक्ता करत होती. तक्त्यात चारच रकाने होते: माल त्यांच्या फाटकातून आत गेल्याची तारीख, त्यांच्या गुणवत्ता विभागाने तपासल्याची तारीख, त्यांच्या संगणकात माल स्वीकारल्याची नोंद झाली ती तारीख आणि आमच्या खात्यात पैसे आले ती तारीख.

तो ग्राहक ४५ दिवसांत पैसे देतो, अशी माझी समजूत होती, आणि एका परीने ती खरी होती. फक्त ते ४५ दिवस संगणकातल्या नोंदीपासून मोजत होते. फाटकातून आत गेलेला माल सरासरी ११ दिवस नोंदीवाचून पडून राहत होता. त्या ग्राहकाला आमचा दिवसाला साधारण ५० हजारांचा माल जातो. म्हणजे साडेपाच लाख रुपये वर्षभर सतत अडकलेले आणि त्यावर आमच्या कॅश क्रेडिट खात्याचे, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे, दहा टक्क्यांच्या आसपासचे व्याज धरले, तर वर्षाला ५५ हजार रुपये मी नकळत भरत होतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ यात माल स्वीकारल्याचा दिवस म्हणजे प्रत्यक्ष पोच झाल्याचा दिवस, आणि खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तरच तो पुढे सरकतो, असे स्पष्ट लिहिले आहे. लेखी करार असला तरी त्या दिवसापासून ४५ दिवसांच्या पुढे मुदत नेता येत नाही आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. प्राप्तिकराच्या आकारणी वर्ष २०२४-२५ पासून तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. कायदा मला ऐकून माहीत होता. दिवस कुठून मोजायचे, हे मला त्या मुलीने दाखवले.

तिने आमचीही चूक सोडली नाही. काही बिले रखडली होती, ती आमच्याकडून कास्टिंगबरोबर रासायनिक तपासणीचा दाखला न गेल्यामुळे. तो दाखला आला नाही की त्यांचे तपासनीस माल बाजूला ठेवत. आता गाडीत माल भरण्याआधी दाखला चलनाला, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदाला, टाचलेला आहे की नाही हे सुपरवायझर बघतो, आणि चालक ग्राहकाच्या फाटकावर चलनाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय परत येत नाही. व्याजासाठी भांडायला मी गेलो नाही, कारण ग्राहक तुटला तर खायचे काय, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. पण शिक्का मारलेली चलने पुढे ठेवून बोलल्यावर ११ दिवसांचे ४ झाले.

या प्रकल्पाची तोंडी परीक्षा झाली, तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला प्रश्नावली कुठे आहे, उत्तरदाते किती आणि गृहीतक कोणत्या संख्याशास्त्रीय चाचणीने तपासले, असे विचारले. तिच्याकडे प्रश्नावली नव्हती, ३१२ बिले होती. तिला बेताचे गुण मिळाले. परीक्षकांचाही दोष म्हणवत नाही. एका दिवसात चाळीस-पन्नास वह्या पाहायच्या असतील, तर साच्यात बसणारी वही पटकन तपासून होते आणि न बसणारी खटकते. परंतु ३४ माणसांच्या कारखान्यात १०० जणांना प्रश्न विचारणारी वही आणि ही वही यांतला फरक मी पाच मिनिटांत सांगितला असता, आणि मला कोणी विचारलेच नाही, ही माझी तक्रार आहे.

वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये जे विनियम केले, त्यांत प्रबंध आणि शोधनिबंध येतात, प्रकल्प अहवाल मात्र स्पष्टपणे वगळलेले आहेत. काही महाविद्यालये स्वतःहून संगणकावर साम्य तपासतात, हे चांगलेच आहे. पण संगणकाला फार तर वाक्ये चोरलेली आहेत का हे कळेल. कॅन्टीन आहे की नाही हे कळणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, ज्याला मुले ओजेटी म्हणतात, व्यवस्थापनापुरते राहिलेले नाही. इतर शाखांची मुलेही दाखल्यासाठी येऊ लागली आहेत, आणि शिक्क्यांची मागणी वाढते आहे.

म्हणून विद्यापीठांना आणि स्वायत्त महाविद्यालयांना माझी विनंती एवढीच आहे की, अंतिम प्रकल्प तोंडी परीक्षेपूर्वी किमान पंधरा दिवस संबंधित कारखान्याकडे किंवा दुकानाकडे वाचायला जावा, त्यासोबत दोन पानांचा मराठी सारांश असावा आणि त्यावर मालकाचा किंवा व्यवस्थापकाचा लेखी अभिप्राय अहवालात शेवटी बांधला जावा. मराठी सारांशाचा आग्रह भाषेच्या अभिमानापोटी नाही. त्या मुलीने अहवाल इंग्रजीत लिहिला होता, तो मी वाचला. परंतु चलन हाताळणारा सुपरवायझर आणि गाडीचा चालक यांच्यापर्यंत तो पोहोचला, तो तिने स्वतःहून लिहून दिलेल्या दोन मराठी पानांमुळे.

यावर दोन आक्षेप येतील. मालक आपल्याला नको असलेले निष्कर्ष दडपतील, हा पहिला, आणि तो खरा आहे. म्हणूनच मालकाने गुण द्यावेत असे मी म्हणत नाही. अभिप्राय जोडावा आणि परीक्षकाने त्यावरून विद्यार्थ्याला प्रश्न विचारावेत. मालक चिडलेला दिसला, तर तोही परीक्षकासाठी कामाचा पुरावा आहे. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. ग्राहकाचे नाव न लिहिता त्याला ‘ग्राहक अ’ म्हटले की बहुतेक अडचण संपते. आमच्या बाबतीत तसेच केले होते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल इंजिने बनत होती, तेव्हापासून इथले धंद्याचे ज्ञान तोंडी चालत आले आहे. कोणत्या मालात किती रिजेक्शन येते, कोणता ग्राहक कसा पैसे देतो, हे जुन्या माणसांबरोबर निघून जाते. दर वर्षी याच गावात शेकडो अहवाल लिहिले जातात आणि कपाटांत जातात, तिथून बहुधा रद्दीत.

यंदा मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. दाखला मागायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी शॉप फ्लोअरवर न्यायचे आणि अहवालाची प्रत हातात आल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, असे आमच्या ऑफिसात सांगून ठेवले आहे. आतापर्यंत सात जण आले. चार परत फिरले. तीन सोमवारपासून येणार आहेत.

आपला,
एक लघुउद्योजक,
शिरोली औद्योगिक वसाहत, जि. कोल्हापूर