मयू, आधी मास्कचं बघ

मयू,

काल व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता खोकलीस आणि "धूळ गेली बाबा" म्हणून विषय बदललास. थिनरचा खोकला मला कळतो गं, जन्म गेला त्या वासात. आईला बोललो नाही, तिचं मावशीचं चाललंय तेच पुरे आहे. खोकल्याबद्दल अजिबात लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, असो.

तू पाठवलेले जेकब लॉरेन्सच्या, त्या अमेरिकन चित्रकाराच्या, चित्रांचे फोटो झूम करकरून बघितले. जॉन ब्राउनची अख्खी गोष्ट २२ चित्रांत. मूळ १९४१ ची गुवाशमधली, म्हणजे जाड अपारदर्शक जलरंगातली, रंग इतका नाजूक की मांडायची भीती, म्हणून १९७७ ला स्क्रीनप्रिंट काढले, म्हणजे आपलाच धंदा की! आपल्याकडे पत्रिकेवरच्या गणपतीचा लाल केसभर सरकला तरी पार्टी गठ्ठा परत आणून आपटायची. इथे सगळे सपाट रंग, शेड नाही काही नाही, चूक लपवायला जागाच नाही, आणि कडेला कड बरोबर भिडलीय. ज्याने स्क्वीजी, म्हणजे जाळीतून शाई दाबायची रबरी पट्टी, ओढली त्याला माझा नमस्कार.

पण मी अडकलो त्या ब्राउनपाशी. गुलामगिरी मोडायची म्हणून १८५९ च्या ऑक्टोबरात मूठभर माणसं घेऊन अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीचं सरकारी शस्त्रागार धरलं आणि सोबत स्वतःची पोरं नेली. दोघं तिथेच जिवानिशी गेली, एक आधीच कॅन्ससमध्ये मारला गेलेला. २ डिसेंबरला याला फाशी, शेवटच्या चित्रात नुसता लटकलेला देह. तू त्याच्या हिमतीवर पानभर लिहिलंस, मी मात्र घरी राहिलेल्या त्यांच्या आईचाच विचार करत बसलो. पोरं कामाला लागली की मागे वळून बघत नाहीत, तुझंही तेच.

तिथे स्क्रीन धुवायला काय वापरतात? कापडी मास्क वासाला काही उपयोगाचा नाही, कार्ट्रिजवाला घे, पैसे मी पाठवतो. खिडकी उघडी ठेव. दम्याचा पंप बॅगेत ठेवतेस ना? लहानपणी तुला दुकानात येऊ द्यायचो नाही ते यासाठीच, तू मागच्या दाराने घुसायचीस आणि रॅकवरच्या ओल्या पत्रिकांना बोटं लावून जायचीस, बंटीच्या मुंजीच्या पत्रिकेवर तुझा अंगठा अजून आहे.

सॉरी, लेक्चर झालं.

नोकरी सोडायला नको होतीस हे माझं मत अजून तेच आहे. पण हैतीतल्या गुलामांच्या बंडाचा पुढारी तुसाँ, त्याच्यावरची १५ प्रिंट लॉरेन्स आणि छपाईवाला लू स्टोवॉलने १९८६ ते १९९७ अशी काढली हे वाचून मी जोशीकाकांना फोन करून सांगितलं, आणि पुढे म्हणालो, आमची मयू हेच शिकतेय. ते बंड काकांना माहीतच नव्हतं, मग तेही मीच समजावलं. तूही तुझ्या सरांना सांग की आपल्या जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं होतं. त्यावर एक सिरीज कर की. घाई नको, दोन-तीनच कर, पण रजिस्ट्रेशन, रंगावर रंग बरोबर बसवणं, चुकवू नकोस, माझं नाव जाईल.

आणि डॉक्टरकडे जाऊन ये. शनिवारी फोन करशील तेव्हा मास्क घालून दाखव, आईसमोर नको.

बाबा