जमालपूरच्या आभाळातल्या साहेबांस

आदरणीय साहेब,
सादर नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. बाबांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचे आभार तुमच्यापर्यंत पोचवायचे राहून गेलेत, म्हणून हे पत्र.

बाबा पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, जंगी पलटणीत शिपाई होते. 1971 च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी लढाई चालू असताना, ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला, शत्रूची वाट अडवून मोर्चे खणून बसली होती. वर मिग-21 या लढाऊ विमानात तुम्ही होतात, एकटे.

9 तारखेला आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला चिठ्ठी धाडली. शरण या, नाहीतर मिगच्या 40 फेऱ्या माझ्या हाताशी आहेत. उत्तर आलं की 40 पुरणार नाहीत, आणखी मागवा. सोबत लखोट्यात बंदुकीची एक गोळी. हे बाबा अगदी रंगवून सांगायचे. तुमची गोष्ट निघाली की मात्र त्यांचा आवाज खाली यायचा.

परुळ्याला आमच्या खळ्यात सुपारी वाळत घातलेली असायची. त्यातल्या दोन उचलून ते वीतभर अंतरावर मांडत. ही आम्ही, ती ते. मग तळहात आडवा करून त्यांच्यावरून फिरवत. पहिल्या खेपेला तुम्ही झाडांच्या शेंड्यांना लागून गेलात आणि काहीच टाकलं नाहीत. खालून गोळ्या सुटतच होत्या. मोर्च्यात कुणीतरी म्हणालं, गेलो वाटतं. तुम्ही वळलात, त्याच गोळ्यांतून पुन्हा आलात, आणि रॉकेटं नेमकी पलीकडच्या सुपारीवर पडली.

मिग-21 हे मुळात उंचावर शत्रूची विमानं अडवायला बनवलेलं. त्या वेगात खालचा आपला कोण, परका कोण हे ओळखायला किती क्षण मिळत असतील? तरी खात्री होईपर्यंत तुम्ही बटण दाबलं नाहीत. त्यासाठी परत त्या माऱ्यात शिरलात. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे. बाबांचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं.

10 च्या रात्री शत्रू वेढा फोडून पलटणीच्या अंगावर आला. काळोखात विमानं नव्हती, ती रात्र पलटणीनेच निभावली. पण बाबा म्हणायचे, "दिवसा तो इलो म्हणान रात्री आमच्यात धीर होतो."

2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. समुद्रावरून विमान खाली येताना दिसलं तसे बाबा काठी टाकून खळ्यात ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. सत्तरी कधीच उलटून गेली होती.

दर 16 डिसेंबरला ते एक जुनी वही काढून सोबत्यांची नावं मोठ्याने वाचत. शेवटची ओळ कोरी होती. तिथे आले की थांबत, हात जोडत आणि वही मिटत.

गेल्या आषाढात बाबा गेले. वही आता माझ्याकडे आहे. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी हे वाचलंत, तर तेवढं नाव कळवा. त्या ओळीवर लिहायचं आहे.

तुमची ऋणी,
जंगी पलटणीतल्या एका शिपायाची मुलगी
परुळे, सिंधुदुर्ग