हिरवे कापड आणि सकाळचे ऊन

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

व्हीएफएक्स, म्हणजे चित्रणात संगणकावर केलेली दृश्य-करामत, शिकण्यासाठी कोणता संगणक घ्यावा, असे तू विचारले आहेस. तूर्तास नवा घेऊ नकोस; ब्लेंडर हे त्यासाठीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते कुरकुरत का होईना, चालते. माझे अडले ते निराळ्याच ठिकाणी.

पुतण्या सिंहगडाच्या कल्याण दरवाजापाशी उभा आहे, असा चार सेकंदांचा शॉट मला करायचा होता. त्यासाठी त्याला गच्चीवर हिरव्या कापडापुढे उभे केले; कापडाचा हिरवा रंग संगणकावर पुसायचा आणि त्या जागी गडाचे चित्रण बसवायचे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्याचे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून त्या रंगावर कड स्वच्छ कापता येते, हे मी वाचले होते. पण कापड त्याच्या पाठीला जवळजवळ चिकटूनच टांगल्यामुळे मानेवर आणि कानांवर हिरवट झाक पडली व कापड पुसताना केसही अर्धे पुसले गेले. मग रोटो, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर हाताने कड आखणे. सेकंदाला २४ याप्रमाणे ९६ फ्रेम झाल्या आणि तीन रात्री गेल्या. वहिनी म्हणाली, “भावजी, एवढ्या वेळात पोराला गडावर नेऊन आणले असते की!”

एवढे करूनही शॉट खोटाच दिसत होता. दोन दिवस रंगांशी झटल्यावर लक्षात आले, की गडाचे चित्रण सकाळचे, ऊन डावीकडून. पोराच्या गालावर मात्र संध्याकाळचे ऊन उजवीकडून. रंग बदलता येतो, पण उन्हाची दिशा त्याने फिरत नाही. शेवटी सकाळी, कापडापासून आठ फूट पुढे उभे करून, सारे पुन्हा चित्रित केले. राहिले ते गडाच्या प्लेटमधल्या, म्हणजे मागच्या चित्रणातल्या, काळ्या छटा जुळवणे आणि दोन्हींवर एकच ग्रेन, म्हणजे चित्रावर दिसणारा बारीक रवाळपणा, चढवणे. ते तासाभरात उरकले.

परवा लॉ कॉलेज रस्त्याने फिल्म इन्स्टिट्यूटवरून जाताना तिथल्या जुन्या प्रभात स्टुडिओची आठवण झाली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधले वैकुंठगमन त्या लोकांनी संगणकाविना पडद्यावर आणले, आपल्यासारखे ‘नंतर बघू’ म्हणण्याची सोय त्यांना फारशी नव्हती.

तेव्हा तू आधी पार्श्वभूमी चित्रित कर, ऊन किती वाजता कुठून येत होते ते वहीत टिपून ठेव आणि मगच माणूस उभा कर. मूळ चित्रण मला अवश्य पाठव, पण रोटो करून मागू नकोस.

तुझा मित्र