पूल एवढा उंच का?

राजापूर,
श्रावणाच्या तोंडावर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात तू आलास तेव्हा अर्जुनेच्या पुलावरून खाली बघत म्हणाला होतास, "एवढ्याशा ओहोळावर एवढा उंच पूल कशाला रे?" मी काहीतरी उत्तर दिलं खरं, पण ते माझं मलाच पटलं नव्हतं. डबक्याडबक्यांतून कशीबशी वाहणारी नदी समोर असताना तिच्याबद्दल काय सांगणार? म्हटलं, पाऊस लागला की सविस्तर लिहीन. गेल्या आठवड्यात बाजारात पाणी भरलं. आज जरा उघडीप आहे, म्हणून लिहायला बसलोय.

तीन दिवस पाऊस धरून बसला होता. चौथ्या दिवशी पहाटे पुराचा भोंगा झाला आणि मी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून मावसभावाच्या दुकानात गेलो. जवाहर चौकातलं ते दुकान तू पाहिलंयस. आम्ही चौघं साखरेची आणि तांदळाची पोती माळ्यावर चढवत होतो. तुला वाटेल, पुराचं पाणी नदीकडून रस्त्याने लोटत येत असेल. तसं होत नाही. ते आधी गटारातून वर येतं. फरशीच्या फटीतून बुडबुडे येतात, मग तपकिरी पाण्याची एक पातळ जीभ पानं, काटक्या घेऊन सरकत सरकत दुकानाच्या पायरीला लागते. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. पहिली बुडायला पाऊण तास लागला, दुसरी वीस मिनिटांत गेली. तेवढ्यावरून भावाने ठरवलं, की आता वजनकाटा आणि वह्यासुद्धा वर न्यायच्या.

एक गोष्ट मला दर वेळी नव्याने जाणवते. चौकातलं पाणी वाहत नसतं. ते थांबलेलं असतं, जागच्या जागी गोल फिरत असतं. या गावाच्या पुराचं सगळं मर्म त्यात आहे, आणि ते समजायला गावाची जागा समजून घ्यावी लागते.

तुमची भीमा सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला निघते आणि आठशेहून जास्त किलोमीटर चालून कृष्णेला मिळते. आमच्या नद्यांच्या नशिबी एवढा प्रवास नाही. अणुस्कुरा घाटाच्या माथ्यापासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटर. घाटाखालून निघालेलं पाणी आधी धडाधड उतरतं, आणि मग एकाएकी उतार संपतो. तो संपतो तिथे राजापूर आहे. चारी बाजूंनी डोंगर आणि सडे, म्हणजे कातळाची पठारं, मधे वाटीसारखी खोलगट जागा, आणि त्या वाटीत दोन नद्या: मोठी अर्जुना आणि तिला गावातच येऊन मिळणारी कोदवली. बाजारपेठ नेमकी या दोघींच्या बेचक्यात.

सोलापुरात वर्षभरात पडतो तेवढा पाऊस आमच्याकडे जुलैच्या एखाद्या पंधरवड्यात पडून जातो. रत्नागिरी जिल्ह्याची वर्षाची सरासरीच ३,००० मिलिमीटरच्या वर आहे. घाटमाथ्यावर जोर झाला की अर्जुना दुथडी भरून येते. कोदवली लहान, तिला अर्जुनेत शिरायला जागाच मिळत नाही. मग ती मागे सरते, फुगते आणि चौकात येते. त्यात खाली खाडीला भरतीची वेळ असली, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं, तर अर्जुनेलाही वाट मिळत नाही. म्हणून इथली जुनी माणसं पाऊस वाढला की आधी तिथी विचारतात. भावाने त्या पहाटे मला हाक मारून पहिला प्रश्न तोच विचारला. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्याच्या बातम्या बघून तू घाबरून फोन केला होतास. तिथे वाशिष्ठी आणि आमच्याकडे अर्जुना, पण घाटाचं पाणी आणि खाडीची भरती यांचं एकाच वेळी गावात येणं, ही गाठ तीच.

तू त्या दिवशी आणखी एक विचारलं होतंस: असं आहे तर इथे गाव वसवलं कुणी आणि कशासाठी? मला याचंच उत्तर द्यायची जास्त घाई आहे, कारण लोक राजापूरच्या पुराला बोल लावतात आणि त्याच पाण्याने हे गाव उभं केलं हे विसरतात.

नकाशा घेऊन बस. जैतापूरला खाडीचं मुख शोध आणि बोट आत आत ने. सुमारे २५ किलोमीटर आत आलास की राजापूर लागतं. भरतीच्या पाण्यावर गलबतं इथवर यायची. इथून पुढे नदी दगडधोंड्यांची, तिथे होडीचं काम संपलं. आणि इथूनच अणुस्कुऱ्याची वाट सुरू व्हायची, बैलांचे तांडे माल घेऊन घाट चढायचे, थेट कोल्हापूर, विजापूरकडे. जिथे होडीची वाट संपते आणि बैलाची सुरू होते तिथे माल उतरवावा लागतो, साठवावा लागतो, मोजावा लागतो. बाजार तिथेच बसणार. आदिलशाहीचं हे मोठं बंदर होतं. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, त्याचा जाब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये इथे येऊन विचारला, वखार लुटली आणि इंग्रजांना कैद करून नेलं. हे आपण शाळेत वाचलं, पण समुद्रापासून एवढ्या आत, डोंगरांच्या बेचक्यात परदेशी व्यापारी येऊन का बसले होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते भरतीने सांगावं लागतं.

आणि बंदर गेलं तेही नदीमुळेच. घाटाच्या उतारावरची झाडी कमी होत गेली तशी माती पाण्याबरोबर खाली येत राहिली. उतार संपतो तिथे पाण्याचा वेग संपतो, आणि वेग संपला की पाणी हातातलं ओझं खाली टाकतं. वर्षानुवर्षं ते ओझं राजापुरात उतरलं. एकोणिसाव्या शतकातच मोठी जहाजं जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नव्हती. पात्र उथळ झालं, तसं पुराचं पाणीही लवकर बाहेर पडू लागलं. बंदर बुजवणारा गाळ आणि बाजार बुडवणारा गाळ एकच आहे. गाळ उपसतात तेव्हा फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण वरच्या उताराला झाडं धरून ठेवली नाहीत तर तो पुन्हा येत राहणार, हेही माझं ठाम मत आहे.

पाणी ओसरलं की हा गाळ हातात येतो. दुकानात बोटभर जाडीचा थर होता, लोण्यासारखा मऊ. ओला आहे तोवर पाणी मारून लोटून द्यायचा. एकदा वाळला की पहारीने उकरावा लागतो. त्यामुळे पूर उतरता उतरता, गुडघाभर पाण्यातच सगळा बाजार झाडू घेऊन उभा असतो. उतरत्या पाण्यालाच गाळ परत द्यायचा.

आता वरच्या बाजूचं सांगतो. तू आलास तेव्हा स्टेशनवरून येताना काळपट, करपलेला कातळ बघून "इथे काय उगवत असेल?" म्हणाला होतास. तो आमचा सडा. वरचा दगड जांभा, लोखंडाच्या गंजाने तांबडा झालेला. नवा तोडलेला चिरा बघ, आतून पोळ्यासारखा भोकाभोकांचा असतो. पाऊस त्यातून झिरपत खाली चिकण मातीच्या थरापर्यंत जातो आणि मग डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. आमचे पऱ्हे म्हणजे छोटे ओढे, विहिरी, उताराच्या पायथ्याच्या वाड्या, सगळं या झिरपण्यावर जगतं. पण भोकांच्या दगडात पाणी फार दिवस राहत नाही. म्हणून एवढा पाऊस पडूनही मेमध्ये घरी तुला बादली जपून वापरायला सांगावी लागली. कोदवलीवर ब्रिटिशांच्या वेळचं दगडी धरण आहे, सायबाचं धरण म्हणतात. तिथून पाणी नुसत्या उताराने गावात येतं, पंपाची गरज नाही. डोंगराच्या उताराचा इतका साधा आणि शहाणा उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही. पण तेही गाळाने भरत आलं आणि उन्हाळ्यात अपुरं पडू लागलं.

तोच सडा आत्ता बघायला हवा होतास. परवा वर गेलो होतो. कातळाच्या खळग्यांत वीतभर पाणी आणि त्याभोवती गवताची कोवळी लव. आणखी तीन आठवड्यांनी सीतेची आसवं फुलतील. निळीजांभळी, नखाएवढी फुलं, पण एकरच्या एकर. त्यांना ओंजळभर मातीसुद्धा लागत नाही, ओला कातळ पुरतो. नायट्रोजन जेमतेम असलेल्या त्या जागेत ही वनस्पती पाण्यातले बारीक किडे मुळांसारख्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्यांत पकडून ती उणीव भरून काढते. मी पालथा पडून भिंग लावून त्या पिशव्या बघितल्यात. मोहरीपेक्षाही लहान असतात. आणि याच सड्यांवर, बारसूला, देवाच्या गोठण्याला, कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी कातळात माणसं आणि जनावरं कोरून ठेवली आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत लागलं. ओसाड म्हणून नोंद झालेल्या जमिनीवर, मित्रा!

गंगेबद्दल तू विचारलं नाहीस, पण ती राहून गेली तर हे पत्र राजापूरचं वाटणारच नाही. "राजापूरच्या गंगेसारखा उगवलास" असं तूही मला कितीदा म्हटलंयस. अर्जुनेपलीकडे उन्हाळे नावाच्या गावात चौदा कुंडं आहेत, एरवी कोरडी. साधारण तीन वर्षांनी त्यांत एकाएकी पाणी येतं, काही आठवडे वाहतं आणि तसंच निघून जातं. हल्ली कधी कधी लागोपाठच्या वर्षांतही येऊन गेली. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत जातं, ठरावीक पातळीला आलं की वाकड्या नळीतून ओढलं गेल्यासारखं एकदम बाहेर पडतं, असं त्याचं कारण सांगतात. जवळच बारमाही गरम पाण्याचा झरा आहे. "गंगा आली" ही बातमी कळली की गाव कामं टाकून निघतं. मी लहानपणी आजीबरोबर गेलो होतो. वडाखालच्या मूळ गंगेत तिने माझा हात धरून बुडवला होता. पाणी गार होतं, आणि दगडांच्या फटीतून येताना बोटांना हळूच ढकलत होतं. ते ढकलणं मला अजून आठवतं. वाकड्या नळीचं कळल्यावर त्यातलं काही कमी झालं नाही.

आता कामाचं. गणपतीच्या आधी चार दिवस काढ आणि ये. यावेळी रेल्वेने नको, कोल्हापूरहून अणुस्कुऱ्याने उतर. घाटमाथ्यावर गाडी थांबवून खाली बघ, धुकं फाटलं तर ओहोळांच्या पांढऱ्या रेघा दिसतील. बहुतेक सगळ्या आमच्याकडेच येणार आहेत. मग रस्त्याने नदीची सोबत धर. धोपेश्वरला मी तुला भेटेन. धूतपापेश्वराच्या देवळाशेजारी मृडानी नदीचा धबधबा आहे, तिथे बोलताना एकमेकांच्या कानाशी यावं लागतं, एवढा आवाज. संध्याकाळी जुन्या धक्क्याकडे जाऊ. दुसऱ्या दिवशी खाली खाडीला नेईन, जिथे कांदळवन सुरू होतं तिथे. भरतीची वेळ मी बघून ठेवतो. पाण्यावर एखादं पान टाकायचं आणि बघत बसायचं. ते समुद्राकडे जात असतं, मग जागच्या जागी रेंगाळतं, आणि मग हळूहळू राजापूरकडे परत यायला लागतं.

वहिनींना नमस्कार. मुलांना आणणार असलास तर त्यांचे बूट आणू नकोस, इथे चिखलात निभणार नाहीत. छत्र्या घरात पुष्कळ आहेत.

तुझा,
राजापूरचा मित्र

ता. क. भावाच्या दुकानात परवा भिंतीवर या वर्षीच्या पाण्याची खूण केली, तुझ्या छातीला लागेल एवढी. त्याच भिंतीवर त्याच्या वडिलांनी केलेली एक खूण आहे, ती हात वर केला तरी पोचत नाही. आलास की दाखवतो, मग पुन्हा पुलावर जाऊ.